तू चावून दिलेला घास

ती. आई,
जयपूरहून तुझ्या विभाचा नमस्कार.

मी बरी आहे. औषधांनी गुंगी येते, मग दुपारी बाल्कनीत पडल्या पडल्या तू दिसतेस, भाकरीचा घास आधी स्वतः चावून मला भरवताना.

तपासणीत माझ्या आणि ह्यांच्या, दोघांच्याही पोटात एकच जंतू निघाला. पण ज्वारीसारखे त्याचेही वाण असतात. ह्यांचा गरीब, नुसता पडून आहे. माझा अल्सर करणारा. डॉक्टर म्हणाले, बहुधा लहानपणी घरातूनच आला.

राग नाही गं आला. इतकी वर्षं तुझं काहीतरी माझ्यात नांदत होतं, असंच वाटत राहिलं.

तू पित्त म्हणतेस ती जळजळ अजून आहे का? नुसता ओवा चघळू नकोस, तपासून घे. घास तू आधी चावायचीस ना? या वेळी कडू गोळ्या मी आधी घेऊन बघितल्यात.

तुझीच,
विभा