मामाच्या रक्ताचा रिपोर्ट

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या धाकट्या भावाचं हे तुलाच सांगावंसं वाटतं. सांगताना अजून तोंड कडू होतं. राजूरच्या खाणीत पाळीवर असताना मामा कोसळला, हृदयच थांबलं. सोबत्याने छाती दाबत राहून दवाखान्यात आणलं. ठोके परत आले, शुद्ध आली नाही. मी पोचले तेव्हा तो व्हेंटिलेटरवर होता आणि डॉक्टर व्हरांड्यात उभ्याउभ्याच सांगत होते, "रक्ताचा रिपोर्ट आला. मेंदू संपला. घरी न्या."

मेंदूच्या पेशी मेल्या की त्यांच्यातलं एक प्रोटीन रक्तात उतरतं. त्याचा आकडा मोठा आला होता. तेवढ्यावर थोरला मामा तिथेच फोनवर गावातल्या कुणाला सांगू लागला, "सरणाची लाकडं सांगून ठेव. उद्या पोळा हाये, मंग माणसं भेटत नाहीत." दाराआड भाऊ श्वास घेतोय, आणि याला लाकडं! आठवतं, आबाजी आजोबा शेवटचे पडून होते आणि त्यांच्या खाटेजवळ बायका दुखवट्याच्या साड्यांचं बोलत होत्या, तेव्हा तू चुलीपुढून तशीच उठून आलीस, हात पिठाचे. "ते आयकून राह्यले, अन् तुमाले लाज नाही?" मला तसं ओरडता आलं नाही. मामी तेवढी म्हणत होती, "हात गरम हाये त्यायचा. कायले नेऊ घरी?"

मी पॅथॉलॉजीची डॉक्टर, म्हणून नागपूरच्या लॅबला फोन लावला. नमुना कसा होता? तिकडून उत्तर आलं, "लालसर होता, मॅडम." म्हणजे वाटेत कुठेतरी लाल पेशी फुटल्या होत्या, आणि तेच प्रोटीन त्यांच्यातही असतं, आकडा त्यानेच फुगला असेल. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय." भांडून दुसरा नमुना माझ्यासमोर काढायला लावला. तो स्वच्छ निघाला, आकडा बराच खाली आला. पण एका आकड्यावर माणूस जगेल असंही म्हणता येत नाही. थांबा, बाकीच्या तपासण्या करा, एवढंच मी घोकत राहिले.

पोळा होऊन गेल्यावर मामाने डोळे उघडले. आता तो चालतो, शब्द विसरतो, मामीवर चिडतो. दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी त्याच डॉक्टरांनी त्याच्या हातात फुलं देऊन फोटो काढला, आणि थोरला मामा मधोमध उभा, हसत.

मामी शेजारणींना सांगते, "माह्या भाचीले पयलेपासून मालूम होतं." मी मान हलवते. आई, मामा उठेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मी फक्त त्या घाणेरड्या घाईशी भांडत होते. मामीला हे सांगवत नाही, आणि तुझ्यापर्यंत पोचत नाही.