उशी उंच हवी की बसकी

लोणावळा
१४ डिसेंबर १९७७

अब्बा,

इतकी वर्षं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागते. माफी एवढ्यापुरतीच. पुढे जे लिहिणार आहे त्याबद्दल मागणार नाही. तुम्हाला जाऊन दहाच्या वर वर्षं झाली आणि हे तुम्ही वाचणार नाही, एवढं मला कळतं. पण रोजच्या वहीत तुमच्याविषयी लिहायला बसले की माझी लेखणी फार समजूतदार होते. त्यांचीही काही बाजू असेल, काळच तसा होता, अशी वाक्यं आपोआप उतरतात आणि दुसऱ्या दिवशी ती वाचताना मला माझाच वीट येतो. म्हणून आज वही बाजूला ठेवून सुट्या कागदावर थेट तुम्हालाच लिहिते आहे.

आपल्याच घरात, मागच्या पडवीत बसले आहे. पुढची खोली, जिथे कापूस पिंजायचं तुमचं पिंजण टांगलेलं असायचं, ती भावाने चिक्कीवाल्याला भाड्याने दिली आहे. कापसाच्या तुसाऐवजी आता दिवसभर गुळाच्या पाकाचा वास येतो. भाऊ देहूरोडच्या डेपोत ड्युटीवर गेला आहे, भाभी बाजारात. मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी लावून आले. हवालदार तरुण होता, वागायला चांगला. लोणावळ्यात कुणाकडे उतरलात, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, घरी. त्याने मान वर करून पुन्हा विचारलं, कुणाच्या घरी? मला भावाचं नाव सांगावं लागलं.

गावाला लागूनच असलेल्या औंढ्याची दहीवाली मावशी अजून येते. पाठीत वाकली आहे, पण जीभ तीच. मला पाहून पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "गेलतीस कुटं इतकी वर्सं? चल औंढ्याला, नातसून दावते." मी सांगितलं की मला येता येणार नाही, माझ्या कागदावर फक्त लोणावळा लिहिलं आहे, गावाबाहेर जायचं तर पोलिसांना विचारावं लागेल. ती माझ्याकडे बघत राहिली. "आगं, औंढं म्हंजी काय परदेस हाय व्हय?" मला हसू आलं. तिला आलं नाही. पाटी उचलताना ती म्हणाली, "तुजा बा तर म्हनायचा, लेक बोटीनं गेली, बोटीनं यील." त्या वाक्याने माझ्या आत जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

बोटीनं गेली, बोटीनं येईल. खरंच तुम्हाला तसं वाटत होतं. आत्या लग्न होऊन कराचीला गेली तेव्हा मुंबईला तिकीट काढलं की झालं, तिसरं कुणी काही विचारत नसे. ती माहेरपणाला यायची, महिना महिना राहायची, जाताना कोकमं आणि आंबेमोहर तांदूळ घेऊन जायची. तुमच्या लेखी कराची म्हणजे मुंबईच्या पुढचं बंदर. मधे देश तुटला, पासपोर्ट आले, व्हिसे आले; ते सगळं तुम्ही ऐकलं, पण आत घेतलं नाही. मोहल्ल्यातल्या लोकांनी तुम्हाला सांगितलं, आमच्या मुख्याध्यापिकाबाई स्वतः दुकानात येऊन सांगून गेल्या. तुमचं उत्तर ठरलेलं होतं: "सरकारांची भांडणं आज आहेत, उद्या मिटतील. बहीण माझी कायमची आहे." हे तुमचं प्रेम होतं, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही तुमच्या बहिणीवर प्रेम केलंत आणि त्याची किंमत माझ्याकडून वसूल केलीत.

आता दुकानाची गोष्ट लिहिते, कारण राग तिथूनच सुरू होतो. पावसाळा संपला की बंगल्याबंगल्यांतून दमट गाद्या आपल्याकडे यायच्या. कापूस काढायचा, उन्हात टाकायचा, पिंजायचा, पुन्हा भरायचा. बंगल्यातल्या बायका उशा शिवून घ्यायला यायच्या तेव्हा तुम्ही किती विचारत होता. उशी उंच हवी की बसकी? कुशीवर झोपता की उताणं? मान दुखते का? नमुन्याच्या उशीवर डोकं टेकायला लावायचात, मूठभर सावरीचा कापूस काढायचात, पुन्हा टेकायला लावायचात. आता कसं वाटतं, बाईसाहेब? आणि त्या संकोचून बरं आहे म्हणाल्या तर तुमचं समाधान होत नसे. "नुसतं बरं नको, नीट सांगा." मी शाळेत असताना एकदा तुम्हाला मदत म्हणून एक उशी आपल्या मनाने भरून तिचं तोंड शिवून टाकलं होतं. तुम्ही दाभणाने सगळे टाके उसवलेत आणि म्हणालात, "गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय खोळ शिवायची नाही. झोपणार तो आहे." मार नाही दिलात, पण मी दिवसभर तुमच्यासमोर आले नाही. ते वाक्य मात्र मी आयुष्यभर सांभाळलं. तुम्ही नाही सांभाळलंत.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी पुण्याहून गाडीने आले ती धावतच दुकानात शिरले. मुलींच्या शाळेत जूनपासून रुजू व्हायचं, असं बाईंनी कबूल केलं होतं. तुम्ही उशीला टाके घालत होता. तोंडात दोरा होता, तो काढून म्हणालात, "बघू." तुम्हीच मला शिकवलं होतंत. अम्मा गेल्यावर पहाटे उठून माझा डबा तुम्ही भरायचात, गाडी चुकू नये म्हणून स्टेशनापर्यंत तुम्ही यायचात. जातवाल्यांनी टोमणे मारले, पिंजाऱ्याच्या पोरीला कलेक्टर करतोय म्हणून, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात की कलेक्टरलासुद्धा गादी लागतेच. तो माणूस आणि "बघू" म्हणणारा माणूस एकच, हे मला तेव्हा जुळवता आलं नाही आणि आजही येत नाही. आत्या मुलाला घेऊन आली तेव्हा त्यांच्या व्हिसाची मुदत थोडी होती, म्हणून त्याच्याशी माझा निकाह घाईने उरकला.

त्या दिवशीचं मी नीट आठवून लिहिते, कारण मला कुणावर अन्याय करायचा नाही, तुमच्यावरही नाही. मी आतल्या खोलीत बायकांत बसले आहे. माझा होकार घेऊन काझींना कळवायचा म्हणून चाचा निकाहाचे वकील होऊन दाराशी येतात, मागे दोन साक्षीदार. चाचा विचारतात, कबूल आहे का. मी गप्प. पुन्हा विचारतात. मी गप्प. कुणी तरी म्हणते, लाजते आहे. तिसऱ्यांदा विचारतात तेव्हा आत्याचा हात माझ्या डोक्यावर येतो, मायेनेच येतो, पण जड असतो, आणि माझी मान खाली जाते. "इजाजत मिळाली," चाचा म्हणतात. न बोलणं म्हणजे होकार धरायचा, असा आपला रिवाज. लाजणाऱ्या मुलीला चार माणसांत बोलायला लागू नये, म्हणून तो पडला असेल. मी रिवाजावर चिडलेली नाही. चाचा मला कधीतरी ईदला भेटणारे, त्यांना माझं गप्प राहणं कसं ओळखू यावं? पण साक्षीदारांच्या मागे तुम्ही उभे होता. मी मान खाली जाण्याआधी तुमच्याकडे पाहिलं. माझं लाजणं कसं असतं आणि माझं अडून बसणं कसं असतं, हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही नजर काढून घेतलीत आणि खारकांच्या ताटाकडे वळून म्हणालात, "चला, छुहारे वाटा."

निघताना तुम्ही मला दुलई दिलीत. उत्तम कापसाची, स्वतः पिंजलेली, चौकडीचे टाके इतके बारीक की कराचीत बायका उलटून पालटून पाहायच्या. कराचीत दुलई लागत नाही, अब्बा. तिथे समुद्राची दमट हवा आहे. आत्या महिनाभर तुमच्या घरात होती. तिला विचारलं असतंत तर तिने सांगितलं असतं.

नवरा वाईट नव्हता. बंदरावर कारकून होता, कमी बोलायचा, कधी हात उगारला नाही. मूल झालं नाही, त्याबद्दलही टोचून बोलला नाही. मी आधी हिंदुस्थानच्या पासपोर्टवर राहत होते. दर वेळी मुदत वाढवून घ्यायची, ठाण्यात जाऊन उभं राहायचं, घर बदललं तरी कळवायचं. शेवटी तिथल्या नागरिकाची बायको म्हणून कायमचं राहता यावं यासाठी त्याने अर्ज केला. त्या कचेरीतला अधिकारी वयस्क होता. त्याने कागद चाळले आणि माझ्या नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. मग मला म्हणाला (उर्दूत म्हणाला, पण मला ते मराठीतच आठवतं), "बाई, तुमचा हा पासपोर्ट इथे जमा झाला की परत देणं माझ्या हातात नाही. तुम्ही आपल्या मर्जीने करता आहात ना? गप्प राहून चालणार नाही, तोंडाने सांगावं लागेल."

मला रडू फुटलं. तो बिचारा घाबरला, पाणी मागवलं. त्याला वाटलं, देश सोडायचं दुःख. ते नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं, आणि तो माणूस तुम्ही नव्हता. मी "हो" म्हटलं. मोठ्याने म्हटलं. 'नाही' म्हणून जायचं कुठे? लोणावळ्याला, तुमच्या दारात? पासपोर्ट दिला. तुम्हाला पत्राने कळवलं. तुमचं उत्तर आलं, "तू तिकडची झालीस, बरं झालं. आता माझी काळजी मिटली." हे वाक्य वाचून मी दिवसभर चूल पेटवली नाही. तुमची काळजी मिटली. मी कुठलीच उरले नाही, आणि तुमची काळजी मिटली.

पासष्टच्या लढाईनंतर बोटी बंद झाल्या, टपालही अडलं. तुम्ही गेल्याची बातमी मला कुवेतहून एका नातलगाच्या पत्रात, खाली मजकूर संपल्यावर, तिरप्या ओळीत मिळाली. मी तेव्हा रडले नाही. कबरीवर परवा जाऊन आले, तिथेही नाही. नुसती उभी राहिले आणि मनात म्हणत होते, विचारा आता, उशी उंच हवी की बसकी.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली, आत्या त्याच्याही आधी गेली. तिथे माझं कुणी नाही. मला इथे राहायचं आहे, अब्बा, कायमचं. इथे जन्मलेली विधवा म्हणून अर्ज करता येतो, पण राहू देण्यासाठी इथल्या कुणीतरी हमी द्यावी लागते, आणि असा माणूस मला एकच आहे, भाऊ. त्याची नोकरी लष्कराच्या डेपोत. मी येणार म्हणून त्याला साहेबांना लेखी कळवावं लागलं. माझ्या पत्रांवरून त्याला पूर्वी एकदा बोलावून चौकशीही झाली होती. हे मला भाभीने सांगितलं, त्याने नाही. रविवारी दुपारी जेवताना मी त्याला म्हटलं, मला परत जायचं नाही, तू हमी देशील का? त्याने भाकरीचा तुकडा मोडला. भाभी पाणी आणायला उठली ती आलीच नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आमटी गार झाली, वाढून घे." मी वाढून घेतली. तुमच्यासारखीच त्याची नजर ताटात.

सोमवारी दहीवाली आली. मी तिला आनंदाने सांगितलं की मी आता इथेच राहणार, भाऊ हमी देणार आहे. तिने विचारलं, "त्यो व्हय म्हनला?"

मी म्हटलं, "नाही म्हणाला नाही."

ती दही मापून निघून गेली. मी मात्र तेव्हापासून स्वस्थ नाही. चार दिवस मी त्या गप्प राहण्यावर माझं घर मांडते आहे. पडवीत खाट कुठे टाकायची, शाळेत विचारून शिकवण्या मिळतील का, इथपर्यंत. त्याचं ते गप्प राहणं कसलं होतं हे मला ठाऊक आहे. लहानपणी मी त्याला मांडीवर घेऊन वाढवलं, मला ठाऊक नसेल तर कुणाला? मी फक्त नजर काढून घेतली, कारण मला हवं होतं तेच त्यातून निघत होतं.

याने तुमच्यावरचा राग कमी झाला असं समजू नका. तुम्हाला विचारता आलं असतं, आणि मी 'नाही' म्हटलं असतं, आणि तुम्ही बहिणीला तोंड दाखवू शकला नसतात, एवढंच झालं असतं. मला तो 'नाही' म्हणाला तर व्हिसा संपेल त्या दिवशी गाडीत बसावं लागेल आणि मग बहुधा पुन्हा येणं होणार नाही. तरी तुम्ही त्या दारात उभं राहून नजर का वळवलीत, हे या आठवड्यात मला आतून समजलं. ते समजायला नको होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. भाभीची पावलं वाजताहेत, म्हणून थांबते.

उद्या: भाऊ ड्युटीवर निघण्याआधी त्याला समोर बसवून पुन्हा विचारायचं, आणि त्याच्या तोंडून उत्तर ऐकल्याशिवाय उठायचं नाही.