मेन स्ट्रीटवरून केक नेला त्याची हकिकत

कॅन्सस सिटी, रविवार

ती. वर्लीनताईस,

धाकट्या ओडेलचा नमस्कार. ऑपरेशन झालेला गुडघा आता वाकतो का? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, तर चाल. खुर्चीत बसून टीव्हीवर दुसऱ्यांना पळताना बघणं म्हणजे व्यायाम नव्हे. (प्रेमाने लिहितोय.)

आमच्या डिलायलाचं लग्न काल थाटात पार पडलं. केक अर्थातच माझ्या बेकरीचा, तीन मजली. तो चर्चमध्ये पोचवायला मी गाडी दुकानासमोर लावली आणि केक आणायला आत गेलो. गाडीचं ढुंगण पांढऱ्या रेघेबाहेर जरासं (अगदी वीतभर) ट्रामच्या रुळांकडे आलं होतं. बस असती तर वळसा घालून गेली असती. ट्रामला वळता येत नाही, हा दोष ट्रामचा. इतकी चकचकीत, फुकट नेणारी, निम्म्या शहराला कामावर पोचवणारी ट्राम, आणि वीतभर गाडीपुढे हात टेकते!

केक घेऊन बाहेर येतो तो काय, मागे दोन ट्राम तुंबलेल्या, चालक बाई घंटा बडवतायत आणि उतारू रस्त्यावर. गाडी उचलून नेणारा ट्रक आलेला. जांभळ्या टोपीतल्या एक बाई सगळ्यांत पुढे. मला म्हणाल्या, "बघा हो, कुणा गाढवाने लावलीय! माझ्या मुलाचं लग्न आहे आज."

मी म्हणालो, "असल्यांचं लायसनच काढून घ्यायला हवं." (तीन मजली केक हातात असताना माणसाने वाद घालू नये.)

गाडी गेली, रूळ मोकळे झाले, मी ट्राममध्ये चढलो. बाईंनी मला जागा दिली, मधला मजला स्वतः धरला आणि चर्चपर्यंत त्या गाढवाचा उद्धार केला. मीही भर घालत होतो. क्रीमला धक्का लागला नाही. चर्चच्या दारात कळलं, ह्याच डेन्व्हरहून आलेल्या आमच्या विहीणबाई. आता सगळ्यांना सांगतात, व्याही मिळावा तर असा, शिस्तीचा.

तुझा,
ओडेल

ता. क. तुझं गॅरेज रिकामं दिसलं असेल तर घाबरू नकोस, चोरी झालेली नाही. तू हॉस्पिटलात होतीस म्हणून विचारायचं राहिलं. गाडी तुझ्या नावावर असल्याने सोडवायला तुलाच यावं लागेल.

पुन्हा ता. क. विहीणबाई गुरुवारपर्यंत आमच्याकडेच आहेत आणि त्या गाडीच्या मालकाला शोधतायत. तेव्हा येशील ती शेजारीण म्हणून ये.