फितीचं वरचं टोक

४ फेब्रु., मलकपेठ
माझ्या जुन्या युनिटमधून सीओसाहेबांचा फोन. कंपनीचा खांद्यावरचा बिल्ला नवा करायचाय, जुन्या लोकांनी सुचवावं म्हणे. कुणीतरी वाघ सुचवलाय. अरे, आपण सुरुंग काढणारे, गुडघ्यावर रांगणारे. वाघ कशाला? फावडं घाला म्हटलं. आणि दोन पांढऱ्या फिती. सुरुंग काढत पुढं जायचं, दोन्ही बाजूंना फीत अंथरायची, मधून पलटण चालते. हेच तर आपलं काम. "सुभेदारसाब, आप ही बनाके भेजो."
माझा जोडीदार धम्मपाल आज हवा होता. चित्राचा हात त्याचा. मला तर साधी रेघसुद्धा...

७ फेब्रु.
प्रज्ञा आली कुकटपल्लीहून. कॉम्प्युटरवर झकास काढलं पोरीनं. मातकट जमीन, खाली फावडं, वर जाणाऱ्या दोन फिती. पण वर नेऊन टोकं जोडून टाकली! भडकलोच. "अगं, पुढनं बंद म्हणजे माणसं आत अडकून मेली!"
"डिझाइन आहे ओ बाबा. इत्ता टेन्शन नक्को."
नीट जेवली नाही. वाईट वाटलं. टोकं मात्र उघडी करून घेतली.

९ फेब्रु.
शांतावहिनींकडे गेलो, धम्मपालच्या बायकोकडे. फीत टाकता टाकताच त्याच्याखाली सुरुंग फुटला. तिला न विचारता बिल्ल्यावर कशी घालणार?
कागद बराच वेळ बघत बसली. "भाऊजी, यांनी कुठवर टाकली होती?"
बोट ठेवलं. निम्म्याच्या जरा वर.
"आन् त्याच्या पुढची?"
"मी टाकली, वहिनी. त्याच दिवशी. सगळे पार झाले तिच्यातून."
"मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटायचं, ते गेले आन् काम तिथंच राहिलं."
ती रडली नाही. मलाच आवरेना. निघताना म्हणाली, "असंच ऱ्हाऊ द्या. नातीला दाखवते."

१४ फेब्रु.
साहेबांचा फोन. चित्र पसंत, वाघ गेला. पण भरतकामवाले म्हणतात काठ चहूकडून शिवावाच लागतो, नाहीतर धागे सुटतात. म्हणजे वरचं टोक बंद. साहेब म्हणतात, "किनार ही तो है साब, कौन देखता है?" माणूस भला आहे. पण बघणारी एक आहे ना, शांतावहिनी! तसं चालत नसेल तर फिती काढू, नुसतं फावडं ठेवू म्हणाले. परवापर्यंत कळवायचं.
प्रज्ञाला विचारलं. तीही म्हणते, काठाशिवाय टिकणार नाही.

१५ फेब्रु.
दिवसभर डोकं ठिकाणावर नाही. बंद टोकाचा बिल्ला पोरं खांद्यावर लावणार. फिती काढल्या तर धम्मपालच गेला त्यातून.
संध्याकाळी वहिनींचा फोन. "बिल्ला कधी यायलाय, भाऊजी? नातीला सांगितलं सगळं, आजोबाची फीत कुठवर, पुढची कुणाची. रोज विचारायली ती."
येईल म्हटलं.
मग साहेबांचा नंबर लावला. तिकडं वाजायच्या आतच बंद केला.