गोदूशेजारची जागा

वळ, ता. १४ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. चंद्रास, दादाचे अनेक आशीर्वाद.

बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप पोचला. फार आनंद झाला. पोराचं नाक तेवढं तुझ्यावर न जावो!

इकडचं मात्र बरं नाही. आईनं चार दिवस औषध बंद केलं आहे. म्हणते, मी गेले की मला जाळू नका, खाडीच्या बांधावर गोदूशेजारी पुरा; तसं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग, मगच औषध घेते. तू जन्मायच्या आधी पाच महिन्यांची गोदू तापानं गेली, तिच्यासाठी आईचा जीव अजून तुटतो. पण गोदूला दात आले नव्हते म्हणून पुरली. मोठ्या माणसाला आपल्यात अग्नीच देतात. महादूकाकांनी तर सांगितलंय, पुरणार असाल तर भाऊकीतला एकही खांदा द्यायला येणार नाही.

आई तुझं ऐकते. समजुतीच्या दोन ओळी धाड, मी वाचून दाखवीन. सर्वांस नमस्कार, लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा दादा, अनंता

खारबाव, ता. १७ ऑक्टोबर

ती. दादास, चंद्राचा शि. सा. नमस्कार.

ओळी मिळणार नाहीत. आईचं बरोबर आहे. अकरा दिवसांचं पोर कुशीत घेऊन लिहिते आहे, म्हणून मला ते जास्तच कळतं. तीस वर्षं दर दिवाळीला ती बांधावर गोदूच्या दगडापाशी दिवा लावते. तिनं दुसरं कधी काही मागितलं का तुझ्याकडे?

नारपोलीत लूमच्या शेठशी ड्युटीवरून भांडणारा तू, महादूकाकांपुढे मांजर होतोस. सव्वा महिना झाला असता तर मीच येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला असता. तू शब्द दिला नाहीस आणि ती तशीच गेली, तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. राग आला तरी माया सोडू नकोस.

तुझी चंद्रा

वळ, ता. २० ऑक्टोबर

चि. सौ. चंद्रास, आशीर्वाद.

हे वाचून फाडून टाक. त्या दगडाखाली गोदू नाही.

तिला पुरल्याच्या दुसऱ्या वर्षी उधाणात बांध फुटला आणि तेवढीच जागा मातीसकट गेली. आई माहेरी होती. बाबांनी आणि मी तीन दिवस चिखलात शोधलं, काही मिळालं नाही. ती यायच्या आत बाबांनी नवी माती भरली, वर दगड ठेवला आणि कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली; बाबा गेल्यावरही ती मी पाळली. मी बारा वर्षांचा होतो.

महादूकाका गेले खड्ड्यात. तिला तिथं पुरलं तर रिकाम्या मातीशेजारी ती एकटी पडेल, याची मला भीती वाटते. सांगावं तर ऐकूनच जाईल, न सांगावं तर औषधावाचून. कालपासून पेजही घेत नाही. मला काही सुचत नाही गं, लवकर लिही.

दादा

खारबाव, ता. २२ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. नमस्कार.

मागचं पत्र विसर. एवढं ओझं एकट्यानं कसं वागवलंस? मला फार रडू आलं.

पण खोटा शब्द देऊ नकोस. माझं पोर कुठं आहे, हे मला कुणी खोटं सांगितलं असतं तर मी त्याला क्षमा केली नसती. सांगून टाक. ठरवू दे तिचं तिला. काय झालं ते लगेच कळव, इथं घास उतरत नाही.

तुझी चंद्रा

वळ, ता. २५ ऑक्टोबर

चि. सौ. चंद्रास, अनेक आशीर्वाद.

काल सांगितलं. ऐकून आई भिंतीकडे तोंड करून पडली. मी घाबरून पाय धरले, तेव्हा बोलली. बारा वर्षांच्या पोराला कसली शपथ घालतात, म्हणाली आणि बाबांच्या नावानं खूप रडली.

मग डोळे पुसून विचारलं, माती गेली तेव्हा पाणी चढतं होतं की उतरतं. मी म्हणालो उतरतं, ओहोटी लागली होती. तशी उठून बसली, औषध स्वतः मागून घेतलं आणि म्हणाली, मला जाळा. राख मात्र उतरत्या पाण्यातच सोडायची. चढत्या पाण्यात सोडलीत तर मी परत वळच्या चिखलात येऊन पडेन, आणि गोदू तिकडे समुद्रात एकटीच राहील.

बाळाला माझा पापा. आपला लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा दादा, अनंता