डेलमारबरोबर अटलांटात एक संध्याकाळ

प्रिय आई,

तुमच्या सुनेचा नमस्कार. तुमचा डेलमार काल मोठ्यांदा हसला, हे आधी सांगते.

सकाळी इथल्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज औषध नको. दोघं शहर फिरा, चांगलंचुंगलं खा."

बागेतल्या काचघरात ऑर्किडची फुलं पाहिली. मग आकाशपाळण्यात बसलो. वर गेल्यावर तो म्हणाला, "ओडेसा, लग्नाआधी तुला कुठे नेलंच नाही गं. पेट्रोलपंपावरची तळलेली कोंबडी, बस!"

"तेवढ्यावरच फसले ना मी!" म्हटलं. तेव्हा हसला.

रात्री मेणबत्त्यांच्या हॉटेलात जेवलो. वाढणाऱ्या मुलीने विचारलं, "नवीन लग्न का?" हा म्हणाला, "कालच झालं!" कोळंबी घातलेला मक्याचा सांजा मागवला. घास त्याच्या घशाखाली उतरेना. मुलीला वाईट वाटू नये म्हणून तो हळूच माझ्या ताटात सरकवत राहिला. मी त्याच्या वाटणीचंही जेवले. डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा "फार तिखट आहे" म्हणाले.

तुमचे गुडघे कसे आहेत? चर्चला कोण नेतं?

शुक्रवारी आम्ही घरी येतोय. त्याची खाट खाली, तुमच्या खोलीशेजारी लावा. जिना त्याला जमणार नाही. त्याला तपासायला परत कधी आणायचं, असं विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी नुसता माझा हात धरला. डेलमारलाही सगळं ठाऊक आहे, पण मला ठाऊक नाही असं तो समजतो. समजू द्या.

तुमची,
ओडेसा