आवाज चढतो ते वाक्य

जागृती बाय,

बोर्लीच्या आपल्या दुकानात बायोडेटा करून घ्यायला कुणी आलं, की मी आधी त्याला बोलतं करतो. "हिरामणशेठ, चौकशी लावलीय का?" म्हणून लोक चिडवतात. पण जे सांगताना आवाज उत्साहानं चढतो, तेच मी अर्जात पहिलं घालतो. ट्रक चालवायचो तेव्हा इंजिन ऐकून शिकलेली ही विद्या.

काल फोनवर परदेशी बंदरातल्या नोकरीचं सांगताना तुझा आवाज असाच चढला. "गणपतीला येशील ना?" विचारलं, तर हळूच म्हणालीस, "बघू, बाबा."

त्या नोकरीसाठी मी लिहिलेला तुझा अर्ज झकास उतरला, तुला पाठवलाही. हे पत्र मात्र खणातच राहील. दिघी बंदरातही जागा निघाल्यात, बाय. घरचा डबा नेता येईल इतकं जवळ.

तुझा बाबा